सॉफ्टवेअरमध्ये ड्रम ट्रॅक बसवताना: आधी काय, नंतर काय

घरच्या स्टुडिओत केलेल्या गाण्यांमधले ड्रम बहुतेक वेळा एकाच प्रकारे बिघडतात. किट चांगलं असतं, प्लगइन भरपूर असतात, तरी ठेका चालत नाही. कारण शोधायला गेलं की कामाचा क्रम उलटा झालेला सापडतो. नोट्स धड बसायच्या आधी किकवर (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर) ईक्यू, म्हणजे आवाजाचा रंग बदलणारं साधन, चढतो, कुठला आघात किती जोराचा हे ठरायच्या आधी ‘ह्युमनाइझ’ (नोट्सचा जोर आणि वेळ आपोआप थोडी हलवणारं बटण) दाबलं जातं, आणि चार बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) एक लूप गाणं संपेपर्यंत चिकटवला जातो. खालचा क्रम मोडू नका. एक टप्पा कच्चा राहिला तर पुढच्या टप्प्यात तो झाकता येत नाही.

उदाहरणं रिपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण ते ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. तुमच्याकडे एबलटन, लॉजिक किंवा एफएल स्टुडिओ असेल तरी क्रम हाच.

१. तयारी: नोट लिहिण्याआधी

पहिलं काम म्हणजे गाण्याचा टेम्पो पक्का करणं. गाणं मोठ्याने गा, टॅप टेम्पोवर (ठोक्यांवरून टेम्पो मोजणाऱ्या बटणावर) किमान आठ बार ठोका आणि येणारा आकडा पूर्णांकात घ्या. मुखड्यावर एकदा आणि अंतऱ्यावर एकदा असं दोन्हीकडे मोजा. अंतऱ्यात शब्द जास्त असतील तर मुखड्यावर सोयीची वाटलेली लय तिथे गायकाची दमछाक करते. नंतर टेम्पो बदलला तर मिडी नोट्स (आवाज नव्हे, नुसत्या वाजवण्याच्या सूचना) मुकाट्याने सरकतील, पण रेकॉर्ड केलेला आवाज त्यांच्याबरोबर नीट सरकेलच असं नाही.

दुसरं काम गाईड ट्रॅकचं. क्लिक (टेम्पोची टिकटिक) कानात घेऊन आवाज आणि हार्मोनियम किंवा गिटार साधेपणाने रेकॉर्ड करा. ड्रम या गाईडवर बसवायचे, रिकाम्या प्रोजेक्टवर नाही. नुसत्या क्लिकवर रचलेला पॅटर्न ऐकायला दमदार वाटतो आणि गाणं आलं की शब्दांच्या अंगावर येतो.

तिसरं, गाण्याचे भाग बारमध्ये मोजून टाइमलाइनवर मार्कर लावा: सुरुवातीची धून ८ बार, मुखडा ८, मधलं संगीत ८, अंतरा १६, असं. मार्कर नसतील तर फिल (भाग बदलताना वाजणारा छोटा भरणीचा तुकडा) कुठे घालायचा हे अंदाजाने ठरतं आणि ते चुकतंच.

चौथं, बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर काढण्याआधी साठवतो तो तुकडा. पॅडवर किंवा की-बोर्डवर वाजवून नोट्स भरणार असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये बफर १२८ सॅम्पल ठेवा. ४८,००० हर्ट्झला तो साधारण २.७ मिलिसेकंद होतो. १०२४ वर तोच २१ मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि मग हात घाईने पुढे पळायला लागतो. माउसने नोट्स काढणार असाल तर बफरची काळजी नको.

सावध: गायकाने क्लिकशिवाय गायलेल्या रेकॉर्डिंगवर थेट ड्रम बसवू नका. आधी त्या रेकॉर्डिंगचा बार-दर-बार टेम्पो मॅप करावा लागतो. ते शक्य नसेल तर पुन्हा गाऊन घेणंच कमी कष्टाचं आहे.

२. किट लावा आणि नकाशा तपासा

नवीन ट्रॅक घ्या आणि त्यावर ड्रम प्लगइन लावा. सुरुवातीला एमटी पॉवर ड्रमकिट २ सारखं एखादं मोफत किट पुरेसं आहे. ट्रॅकवर रिकामा मिडी आयटम टाकून त्यावर डबल क्लिक केलं की एडिटर उघडतो.

आता एकही पॅटर्न न लिहिता किटचा नकाशा बघा, म्हणजे कुठल्या नोटवर कुठलं वाद्य बसवलं आहे ते. जनरल मिडीच्या प्रघातात ३६ वर किक, ३७ वर साइड स्टिक (स्नेअरच्या कडेवर काठीचा आघात), ३८ वर स्नेअर (तारा लावलेला ड्रम), ४२ वर बंद हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), ४४ वर पायाने मिटलेला हाय-हॅट, ४६ वर उघडा हाय-हॅट, ४९ वर क्रॅश आणि ५१ वर राईड (दोन्ही मोठ्या झांजा) असते. टॉम ४१ पासून ५० पर्यंत मधूनमधून विखुरलेले असतात. बरीच किट्स हा प्रघात पाळतात, काही स्वतःचा नकाशा वापरतात.

इथे लोक फार अडखळतात, कारण नोटचं नाव प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं. ३६ क्रमांकाची नोट एबलटन आणि लॉजिकमध्ये सी१ म्हणून दिसते, रिपरमध्ये ती सी२ असते आणि एफएल स्टुडिओमध्ये सी३. एखाद्या व्हिडिओत ‘सी१ वर किक’ असं ऐकून रिपरमध्ये सी१ वर नोट टाकली की काहीच वाजत नाही किंवा भलतंच वाजतं, आणि दोष किटला दिला जातो. नावं विसरा, क्रमांक बघा. नंतर एडिटरमध्ये प्रत्येक ओळीला वाद्याचं नाव देऊन टाका.

तपासणी: उघडा हाय-हॅट वाजवून लगेच बंद हाय-हॅट वाजवा. उघड्याचा आवाज तिथल्या तिथे कापला गेला पाहिजे. दोन्ही एकावर एक वाजत राहिले तर सॅम्प्लरमध्ये (किटचे आवाज वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) ४२, ४४ आणि ४६ एकाच चोक ग्रुपमध्ये (एक वाजला की दुसरा थांबतो अशा गटात) घाला. मग क्रॅशची अगदी आखूड नोट टाकून ऐका. नोट संपताच क्रॅश तुटत असेल तर सॅम्प्लर ‘वन शॉट’वर करा, म्हणजे नोट आखूड असली तरी आवाज पूर्ण वाजेल.

३. सांगाडा: फक्त किक आणि स्नेअर

पहिला एक बार पूर्ण रिकामा सोडा. पुढे काही नोट्स ग्रीडच्या (एडिटरमधल्या वेळेच्या उभ्या रेषांच्या) किंचित आधी सरकवाव्या लागतील. आयटम बरोबर पहिल्या मात्रेवर सुरू होत असेल तर तिथली नोट मागे सरकताच आयटमच्या बाहेर पडते आणि गप्प होते.

४/४ चा बार घ्या, ग्रीड सोळावर ठेवा. म्हणजे एका बारमध्ये १६ घरं झाली आणि मात्रा १, ५, ९, १३ या घरांवर आल्या. मध्यम लयीच्या गाण्यासाठी, समजा ९६ बीपीएमवर (मिनिटाला ९६ मात्रा), पहिला पॅटर्न असा भरा:

किक: घर १, ९, ११
स्नेअर: घर ५, १३

एवढंच. हाय-हॅट अजून नाही. गाईड लावून आठ बार ऐका. या पाच आघातांवर गाणं उभं राहत नसेल तर हाय-हॅट, टाळ्या, शेकर घालून ते उभं राहणार नाही. किकची जागा बदलून बघा: ११ ऐवजी ८, किंवा ९ काढून फक्त १ आणि ११. शब्दांचं वजन जिथे पडतं तिथे किक असू द्या. गाण्यात बेस गिटार असेल तर किकचे मुख्य आघात बेसच्या नोटबरोबर सुरू झाले पाहिजेत. दोघे वेगवेगळ्या घरांत राहायला लागले की खालचा आवाज ढिला वाटतो, आणि मग लोक तो कॉम्प्रेसरने आवळत बसतात.

गाणं दादऱ्याच्या चालीचं असेल तर टाइम सिग्नेचर ६/८ करा. ४/४ वर राहून ट्रिपलेट ग्रीडमध्ये (मात्रेचे तीन भाग करणाऱ्या ग्रीडमध्ये) दादरा कोंबण्याची सवय पुढे फार त्रास देते, कारण बारच्या रेषा समेवर पडत नाहीत आणि कॉपी-पेस्ट करताना सगळं घसरतं. ६/८ मध्ये सोळाच्या ग्रीडवर १२ घरं होतात आणि सहा मात्रा १, ३, ५, ७, ९, ११ या घरांवर येतात. समेला, म्हणजे घर १ वर किक, चौथ्या मात्रेला, म्हणजे घर ७ वर स्नेअर, आणि हवी असेल तर सहाव्या मात्रेवर हलकी किक. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ६/८ असतानाही बीपीएमचा आकडा ४/४ च्या मात्रेचाच, म्हणजे दादऱ्याच्या दोन मात्रांना एक, असा मोजला जातो. ९० वर दादऱ्याच्या मात्रा मिनिटाला १८० होतात आणि पूर्ण आवर्तन दोन सेकंदांत फिरतं. क्लिक लावून हे एकदा कानाने पडताळा.

केरव्याला हा घोळ नाही. ४/४ च्या एका बारमध्ये आठ मात्रांचं एक आवर्तन सरळ बसतं. मात्र तबलजी जिला एक मात्रा म्हणतो ती इथे अर्धी मात्रा असते. तुमचे ९६ म्हणजे त्यांचे १९२. रेकॉर्डिंगआधी हे त्यांना सांगून ठेवा.

४. हाय-हॅट आणि दोन हातांचा नियम

आता हाय-हॅट: घर १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. आठही बंद, ४२ वर.

यानंतर प्रत्येक बदल करताना एक गोष्ट तपासायची. ड्रमरला हात दोनच असतात. एडिटरमध्ये कुठलीही उभी रेषा धरा. त्या क्षणी हाताने वाजणारे आघात दोनपेक्षा जास्त दिसता कामा नयेत. किक आणि ४४ चा पायाचा हाय-हॅट यात मोजायचे नाहीत, ते पायाचं काम. क्रॅश, स्नेअर आणि हाय-हॅट एकाच घरात आले म्हणजे तीन हात झाले. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा जाणवतो.

या नियमातून पुढच्या गोष्टी आपोआप निघतात. क्रॅश पडला त्या घरातला हाय-हॅट काढा. टॉमवर फिल चालू असताना हाय-हॅटची ओळ रिकामी ठेवा. मुखड्यात राईड वाजत असेल तर हाय-हॅट बंद, फार तर ५ आणि १३ या घरांवर पायाचा ४४.

उघडा हाय-हॅट जपून वापरा. घर १५ वर एक, आणि पुढच्या बारच्या घर १ वर तो बंद करणारा ४२ किंवा ४४. दर बारला तो आला की त्याचा अर्थ जातो. चार बारांतून एकदा पुरतो.

५. व्हेलॉसिटी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माउसने टाकलेल्या सगळ्या नोट्सना एकच व्हेलॉसिटी (आघाताचा जोर सांगणारा आकडा) येते. चांगल्या किटमध्ये एकाच वाद्याचे हलक्यापासून जोरदारपर्यंत वेगवेगळे रेकॉर्ड केलेले थर असतात, आणि व्हेलॉसिटीवरून कुठला थर वाजवायचा ते ठरतं. सगळ्या नोट्स १०० वर राहिल्या तर तोच थर पुन्हा पुन्हा वाजतो. भराभर आलेल्या स्नेअरचा मशीनगनसारखा खडखडाट होतो तो यामुळे.

आकडे ठरवण्याआधी किटचे थर ओळखा. स्नेअरची नोट २०, ४०, ६०, ८०, १००, ११०, १२० अशा चढत्या व्हेलॉसिटीने एकेक मात्रा सोडून टाका आणि ऐका. आवाज नुसता वाढत नाही, मध्येच त्याचा पोत बदलतो. कुठे कडेचा ‘टक्’ सुरू होतो, कुठे तारांची सळसळ संपते, ते आकडे कागदावर लिहा. समजा ११८ च्या पुढे रिमशॉटचा (कडेसकट मारलेल्या आघाताचा) थर सुरू होतो. मग नेहमीचा स्नेअर ११५ च्या वर नेऊ नका, नाहीतर एक स्नेअर सोडून दुसऱ्याचा रंग बदलत राहील आणि मिक्समध्ये तो कधीच एका जागी बसणार नाही.

सुरुवातीसाठी हे आकडे घ्या आणि तुमच्या किटप्रमाणे हलवा:

किक: घर १ वर १०८, घर ९ वर १००, घर ११ वर ९०
स्नेअर: घर ५ वर १०६, घर १३ वर ११२
हाय-हॅट: मात्रेवर ८४ च्या आसपास, मधल्या घरांवर ५८ च्या आसपास

हाय-हॅटचे आकडे दोन-चारने मागेपुढे करा, पण जोराचा आणि हलका हा क्रम मोडू नका. सगळ्या आकड्यांना सरसकट फिरवणारं बटण नेमकं हेच मोडतं. ड्रमरचा हात कधी कुठेही जोरात पडत नाही, त्याच्या वजनाला क्रम असतो, आणि तो क्रम म्हणजेच ठेका.

यानंतर घोस्ट नोट्स: स्नेअरवर घर ८ आणि १०, व्हेलॉसिटी २५ ते ३५. त्या वेगळ्या ऐकू येता कामा नयेत. म्यूट केल्या की काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे. गाण्यात खरी ढोलकी किंवा तबला वाजणार असेल तर घोस्ट नोट्स घालूच नका. ती बारीक घरं ढोलकीवाला भरणार आहे. त्याच्या धुमेला (ढोलकीच्या खर्जाच्या बाजूला) जागा हवी म्हणून किकचेही आघात कमी करा. अशा गाण्यात बारला दोन किक पुष्कळ झाल्या.

तपासणी: स्पीकरचा आवाज अगदी बारीक करा. किक, स्नेअर आणि घर १३ चं जास्तीचं वजन तरीही कळलं पाहिजे. फक्त हाय-हॅटच ऐकू येत असेल तर त्याचे सगळे आकडे १५ ने उतरवा. व्हॉल्यूमला हात लावू नका. व्हेलॉसिटी उतरली की पोतही मऊ होतो.

६. वेळेची सरकवासरकव

पॅडवर वाजवून नोट्स भरल्या असतील तर आता क्वांटाइझ करा, म्हणजे नोट्स ग्रीडकडे ओढून घ्या, पण जोर १०० टक्के नको. ६० ते ७५ टक्के ठेवला की घसरलेले आघात जागेवर येतात आणि हाताची चाल शिल्लक राहते. माउसने भरलेल्या नोट्स आधीच ग्रीडवर असतात, त्यांना क्वांटाइझची गरज नाही.

स्विंग (जोडीतलं दुसरं घर उशिरा येणारी झुलती चाल) हवा असेल तर तो यानंतर. ५० टक्के म्हणजे सरळ चाल, ६६ च्या जवळ म्हणजे ट्रिपलेटची. ९६ बीपीएमवर सोळातलं एक घर सुमारे १५६ मिलिसेकंदांचं असतं, आणि ५८ टक्के स्विंगला प्रत्येक जोडीतलं दुसरं घर २५ मिलिसेकंद उशिरा येतं. एवढंही चांगलंच ऐकू येतं. काही सॉफ्टवेअरमध्ये सरळ चालीला शून्य धरतात, त्यामुळे दुसरीकडे पाहिलेला आकडा जसाच्या तसा टाकू नका. एकदा ठरलेला स्विंग शेकर, बेस आणि की-बोर्डलाही तोच लावा.

शेवटी हाताने सरकवणं. रिपरमध्ये एका मात्रेचे मुळात ९६० टिक असतात. ९६ बीपीएमवर एक टिक सुमारे ०.६५ मिलिसेकंद. घर ५ आणि १३ चे स्नेअर १२ ते १८ टिक उशिरा न्या, म्हणजे ८ ते १२ मिलिसेकंद. ठेका निवांत बसतो. घाई हवी असलेल्या गाण्यात तेच स्नेअर ५-६ टिक आधी आणा. समेची किक मात्र ग्रीडवरून हलवू नका. बाकी सगळे तिच्यावर टेकतात.

फ्लॅम (जवळजवळ एकत्र पडणारे दोन आघात) हवा असेल तर मुख्य स्नेअरच्या २५ मिलिसेकंद आधी, म्हणजे ३८ टिक, ४० व्हेलॉसिटीचा हलका आघात टाका.

सावध: व्हेलॉसिटी आणि वेळ दोन्ही एकदम ‘ह्युमनाइझ’ करू नका. वापरायचंच असेल तर फक्त हाय-हॅट निवडून, वेळेसाठी, अगदी थोड्या प्रमाणात.

७. एका बारापासून गाण्यापर्यंत

एक बार तयार झाला की तो चारदा कॉपी करा आणि चौथा बदला: घर १५ वर उघडा हाय-हॅट किंवा १६ वर एक हलकी किक. मग चारांचे आठ करा आणि आठव्यात फिल घाला. फिल पूर्ण बारचा नको, शेवटच्या दोन मात्रा, म्हणजे घर ९ पासून १६ पर्यंत पुरतात. टॉम उंचावरून खाली, व्हेलॉसिटी ८५ पासून चढत ११० पर्यंत. पुढच्या भागाच्या घर १ वर क्रॅश, आणि त्याच्याखाली किक हवीच. किकशिवायचा क्रॅश हवेत लटकतो.

भागाभागातला फरक आघात वाढवून करण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा कमी करणं जास्त काम करतं. अंतऱ्यात स्नेअरच्या जागी साइड स्टिक घ्या, किक फक्त घर १ आणि ९ वर ठेवा. मग मुखडा परत आला की तो न वाढवताही मोठा वाटतो. गायक लांब स्वर धरतो तिथे फिल चालतो. शब्द चालू असताना फिल आला तर तो कितीही चांगला असला तरी काढा.

तपासणी: पेस्ट केल्यावर एकाच जागी दोन नोट्स एकावर एक चढल्या आहेत का ते बघा. एखादीच किक अचानक मोठी आणि पोकळ वाजली की कारण बहुधा हेच असतं.

८. मिक्सला देण्याआधी

किक, स्नेअर, हाय-हॅट, टॉम आणि ओव्हरहेड (वरून टिपलेला, मुख्यतः झांजांचा आवाज) वेगवेगळ्या ट्रॅकवर काढा. सगळं किट एकाच स्टिरिओ ट्रॅकवर राहिलं तर स्नेअर उजळवताना झांजाही उजळतात. ड्रमच्या बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या ट्रॅकवर) शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. किकचा जोर साधारण ६० ते ८० हर्ट्झला असतो आणि खोक्यासारखा आवाज ३०० ते ४०० च्या दरम्यान. आधी तिथून थोडं काढा, मगच वाढवायचा विचार करा. दोन किक एकत्र वाजवणार असाल तर एकीची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून ऐका आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरीव लागतो ती ठेवा. रिव्हर्ब स्नेअरला आणि टॉमला, किकला सहसा नको.

रेंडर करताना (ऑडिओ फाइल काढताना) सगळ्या ट्रॅकची सुरुवात प्रोजेक्टच्या शून्यावरून घ्या आणि शेवटच्या क्रॅशचा आवाज विरेपर्यंत चार-पाच सेकंद जादा ठेवा. २४ बिट वेव्ह, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा तोच. फाइलच्या नावात गाणं, टेम्पो आणि वाद्य लिहा. बरोबर मिडी फाइल आणि किटच्या नकाशाची यादीही द्या, म्हणजे मिक्स करणाऱ्याला स्नेअर बदलावासा वाटला तर ३८ वर काय होतं ते विचारायला फोन करावा लागणार नाही.